मी डॉक्टर होते ते आठ महिने

लहानपणापासून माझ्याबद्दल घरात एकच तक्रार होती, की ही पोरगी एका जागी बसत नाही. आई म्हणायची, नळाला पाणी येतं ना, तसं हिचं लक्ष येतं. तीन दिवसांतून एकदा, अर्धा तास. ज्या वर्षांबद्दल मी लिहितेय, त्या वर्षांत आमच्या सिडकोतल्या घरात पाणी खरोखरच तसं यायचं, त्यामुळे ही उपमा शोधायला आईला फार लांब जावं लागलं नव्हतं. पाऊस सलग दुसऱ्या वर्षी रुसला होता आणि शहर मात्र फुगत चाललं होतं. आमच्या घरामागं काल ज्वारीचं रान होतं तिथं आज चुन्याच्या रेघा आणि आखणीचे दगड दिसायचे. सकाळी कारखान्यांचे भोंगे, त्यांच्या पाठोपाठ टँकरचा हॉर्न, आणि हॉर्न वाजला की गल्लीभर बादल्या-घागरींचा असा खणखणाट, की वरात निघाली असं वाटावं. आमच्या घरातून घागर घेऊन सगळ्यांत आधी मीच पळायची. परत येताना घागर भरलेली असायची, पण एक चप्पल तिकडंच राहिलेली असायची.

दूध उतू घालवणं हे माझं खास काम होतं. ‘गॅसजवळ उभी राहा, हलू नको,’ असं सांगून आई अंगणात जायची. मी उभी राहायची, हलायची नाही, पण नजर खिडकीतून बाहेर जायची, आणि मागं भस्सकन आवाज व्हायचा. भाकरीचं पीठ मळताना मी पुस्तक वाचायची, आणि पुस्तक वाचताना मला भाकरी आठवायची. आमच्याकडं तेव्हा रोज ज्वारीची भाकरी, येसराची आमटी आणि कारळाची चटणी. भाज्या महागल्या होत्या आणि मिळाल्या तरी कोमेजलेल्या. आमटीला फोडणी बसली की वास बाहेरच्या खोलीपर्यंत यायचा, आणि तिथं अण्णा कागदांवरून डोकं वर काढायचे. अण्णा कोर्टात नक्कलनवीस होते, म्हणजे निकालांच्या नकला हातानं उतरवून देणारे कारकून. वेलांटीला वेलांटी, टिंबाला टिंब. अशा माणसाच्या पोटी मी जन्मले. पोस्टात पत्र टाकायला जाऊन पत्र पुन्हा घरी घेऊन येणारी.

कशीबशी बी.एस्सी. झाले. त्यात प्राणिशास्त्र होतं, एवढ्या भांडवलावर मी पुढं डॉक्टर झाले. झालं असं, की शहरातल्या एका छोट्या दैनिकाला रविवारच्या पुरवणीसाठी मुलगी हवी होती. संपादकांना सगळे नुसतं ‘साहेब’ म्हणत. गोरेपान, जाडजूड, सतत घाम पुसणारे गृहस्थ. त्यांनी मला विचारलं, ‘विज्ञान शाखा ना? मग आरोग्य तुमच्याकडं.’ मी म्हटलं, ‘पण साहेब, मी बेडूक फाडलाय फक्त.’ ते म्हणाले, ‘पुरे. वाचक काही तुमच्यासमोर झोपणार नाही फाडून घ्यायला.’ सदराचं नाव ठरलं ‘आरोग्याशी गप्पा’ आणि लेखिकेचं नाव ठरलं डॉ. सुमेधा. नलिनी नावावर कोण विश्वास ठेवणार, असं साहेबांचं म्हणणं. मला वाईट वाटायला हवं होतं. उलट मी त्या दिवशी घरी येऊन आईला सांगितलं, ‘आजपासून मी डॉक्टर.’ आईनं माझ्या हातावर गुळाचा खडा ठेवला.

डॉ. सुमेधांची विद्या कुठून यायची ते सांगते. साहेबांचे एक मेहुणे परदेशात होते. ते इंग्रजी मासिकांचे जुने अंक गठ्ठ्यानं पाठवत. त्यातला आरोग्याचा लेख मी उचलायची, डिक्शनरी मांडीवर घ्यायची आणि त्याचं अर्ध्या रकान्यात मराठी करायची. चार पानांचा लेख अर्ध्या रकान्यात बसवायचा म्हणजे काहीतरी सोडावं लागतं. पहिल्यांदा जायच्या शंका. लेखात असायचं, ‘काही डॉक्टरांना असं वाटतं’, ‘याला अजून पुरावा नाही’, ‘दुसरे डॉक्टर मानत नाहीत’. ही वाक्यं लांब असायची आणि भाषांतराला अवघड. शिवाय त्यांच्यात काही मजा नसायची.

उरलेली शंका खिळे जुळवण्याच्या खोलीत जायची. तिथं इब्राहीमचाचा बसत; नाकावर जाड भिंगाचा चष्मा, बोटं शाईनं काळी. आमच्या छापखान्यात अजून शिशाची अक्षरं हातानं जुळवत. यंत्र सुरू झालं की जमीन हलायची आणि चाचांच्या कपातला चहा थरथरायचा. एकदा त्यांनी मला हाक मारली. ‘बेटी, ये “कदाचित” लाईन में नई बैठ रा. निकालूं क्या?’ मी साहेबांकडं पाहिलं. साहेब घाम पुसत म्हणाले, ‘काढा हो. कदाचित हा शब्द आपल्या पेपरला परवडत नाही. वाचक पेपर विकत घेतो, आणि त्याला तुम्ही कदाचित देता?’ चाचांनी चिमट्यानं ती अक्षरं एकेक करून उचलली आणि खणात टाकली. मी ते पाहत उभी होते. मला ते फार गमतीचं वाटलं.

आता मुख्य पराक्रम. एका अंकात चंचल मुलांवर लेख आला होता. सतत हलणारी, वर्गात न बसणारी, काम अर्ध्यात सोडून जाणारी मुलं. आज ज्याला पोरंटोरंही एडीएचडी म्हणतात, तेच. तेव्हा हे नाव आमच्या गावी पोचलं नव्हतं. लेखात म्हटलं होतं, की काही आईबापांच्या मते रंगीत सरबतं आणि गोळ्या-चॉकलेटं बंद केल्यावर मुलं शांत झाली. पुढचं दीड पान डॉक्टरांचं होतं, आणि ते या मताला फारसा आधार नाही असं सांगत होते. ते दीड पान मी नेहमीप्रमाणं सोडलं. मग प्रश्न आला, की रंगीत सरबतं आमच्या मराठवाड्यात, त्यातून दुष्काळात, पितो कोण? लेख वाचकाला आपला वाटला पाहिजे, असं साहेब सांगत. मी पेन चावत विचार केला, आपल्याकडचं लेकरू गोड काय खातं? गूळ-शेंगदाणे. लिहिलं गूळ-शेंगदाणे. उष्ण पदार्थ, मेंदूला चढतात, असंही एक वाक्य टाकलं. ते कुठून आलं मला आजही सांगता येणार नाही. बहुधा आमच्या आत्याकडून. मथळा दिला, ‘तुमचं मूल स्वस्थ बसत नाही? गुन्हेगार तुमच्या स्वयंपाकघरात आहे!’ उद्गारचिन्ह साहेबांचं. बाकी सगळं माझं.

तो लेख इतका गाजला, की पोस्टमन आमच्या कचेरीत चहा प्यायला थांबू लागला. पोस्टकार्डांवर पोस्टकार्डं. डॉ. सुमेधा कुठं भेटतात, त्यांची वेळ काय, त्या घरी येतात का. टँकरच्या रांगेत बायका आईला म्हणायच्या, ‘तुमच्या नलूच्या पेपरातल्या डॉक्टरीणबाई लई हुशार आहेत हो.’ आई माझं गुपित फोडायची नाही, पण घागर डोक्यावर घेताना तिची मान जरा जास्तच ताठ व्हायची.

आणि मग तिनं तो लेख माझ्यावरच चालवला. एका सकाळी डब्यातला गूळ गायब. शेंगदाण्याच्या कुटाची बरणी वरच्या फळीवर. मी म्हटलं, ‘आई, हे काय?’

‘तूच लिहिलंयस ना? स्वस्थ बसत नाही, काम अर्ध्यात सोडतं, वस्तू हरवतं. मी वाचत गेले तशी मला तूच दिसायला लागलीस.’

‘अगं, ते मी इंग्रजीतनं घेतलंय.’

‘मग तर खरंच असणार.’

माझा धंदाच या वाक्यावर चालला होता. मी गूळ-शेंगदाणे सोडले. आणि गंमत ऐका, मला गुण आला! पंधरा दिवस दूध उतू गेलं नाही. मी सगळ्यांना सांगत सुटले. आई रोज माझ्याकडं टक लावून बघत होती, मी स्वतःकडं टक लावून बघत होते, आणि एवढ्या पहाऱ्यात कोणाचंही दूध उतू गेलं नसतं, हे मला सुचलं नाही. सोळाव्या का सतराव्या दिवशी मी सायकल बाजारात विसरून चालत घरी आले. ते मी मोजलं नाही. उलट पुढच्या रविवारी डॉ. सुमेधांनी लिहिलं, ‘आमच्या सल्ल्यानं शहरातील एका सुशिक्षित तरुणीला अवघ्या पंधरवड्यात आश्चर्यकारक फरक पडला. दूधही बंद केल्यास गुण लवकर येतो असा अनुभव आहे.’ दुधाचा अनुभव असा, की उतू जायची भीती नको म्हणून सायकल विसरल्या दिवसापासून आईनं मला दुधाजवळ जायलाच मनाई केली होती.

आता मी साठी ओलांडलीय आणि आमच्या कुटुंबाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. त्यावर आठवड्यातून एकदा तरी येतं, की एडीएचडी हा आजारच नाही, मोबाईल काढून घ्या. किंवा आहे, पण नाकात अमुक तेलाचे थेंब टाका. किंवा एका गावातल्या मुलाला इतक्या दिवसांत गुण आला. खाली कोणातरी डॉक्टरांचं नाव. मला वाटतं, कुठंतरी एक नलिनी बसलीय, पेन चावत. माझी भाची खरीखुरी मानसोपचारतज्ज्ञ आहे. ती म्हणते, ‘मावशी, हा प्रकार खरा आहे, लेकरांचे खरंच हाल होतात, आणि नीट तपासून मदत केली तर फरकही पडतो. म्हणून तर असल्या थापांचा राग येतो.’ एकदा मी तिला विचारलं, मलाही तेच असेल का गं? मोबाईलवरच्या एका चाचणीत मला भरघोस मार्क मिळाले होते. ती हसली. म्हणाली, ‘असेलही. पण ती चाचणी कोणी बनवली ते तू पाहिलंस का?’ मी पाहिलं नव्हतं. एवढं होऊनही मी पाहिलं नव्हतं.

तर तेव्हा, एका दुपारी कचेरीत एक बाई आल्या. हिरवं लुगडं, धुळीनं भरलेले पाय, आणि मनगटाला घट्ट धरलेली आठ-नऊ वर्षांची मुलगी. करमाडहून एसटीनं आल्या होत्या. त्यांचं नाव गयाबाई आणि मुलीचं सुरेखा. गयाबाईंचे मालक जालना रोडवरच्या एका कारखान्यात वॉचमन होते. तिथला आदल्या दिवशीचा पेपर ते घरी आणत. बाई सातवी शिकलेल्या, पेपर सगळा वाचायच्या.

‘डॉक्टरीणबाई कुठं बसत्यात?’ त्यांनी विचारलं.

कचेरीत त्या वेळी मी आणि चाचा होतो. चाचांनी चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं आणि पुन्हा खाली मान घातली. मी म्हणाले, ‘त्या आज आल्या नाहीत.’

‘मंग कवा येत्यात? मी लई लांबून आले ओ. आमच्या हिला शाळंत बसवंना. गुरुजी म्हनले, हिला बसायचं शिकवा, न्हाईतर घरी ठिवा. त्या बाईनं लिवलं तसं सगळं केलं म्या. गूळ बंद. शेंगदाने बंद. मंग दूध बी बंद केलं. तीन महिनं झाले. गुन काहून येईना, येवढंच इचारायचंय. माझं काय चुकतंय?’

मी पहिल्यांदा त्या मुलीकडं नीट पाहिलं. ती खिळ्यांच्या खणापाशी उभी होती आणि एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचत होती. फ्रॉक खांद्यावरून घसरत होता, कारण खांदा नव्हताच. नुसतं हाड होतं. मनगट माझ्या पेनाएवढं. त्या वर्षी करमाडकडं शेतात काही पिकलं नव्हतं, भाजीचं नाव नव्हतं. कोरड्या भाकरीबरोबर लेकराच्या पोटात जाण्यासारखं होतं काय, तर मुठीतला गूळ-शेंगदाणा आणि कपभर दूध. ते मी बंद केलं होतं. करमाडला न जाता, या मुलीला न पाहता, अर्ध्या रकान्यात.

मला आठवतं, मी पटकन म्हणाले, ‘चला, आपण दुसऱ्या डॉक्टरांना दाखवू.’ मी शहाणी झाले होते म्हणून नव्हे. ‘माझं काय चुकतंय’ हा प्रश्न मला त्या खोलीत पुन्हा ऐकायचा नव्हता.

आमच्या कचेरीमागच्या गल्लीत लहान मुलांच्या एक डॉक्टर होत्या. ठेंगण्या, केस पिकलेल्या, आवाज जरबेचा. त्यांनी सुरेखाला काट्यावर उभं केलं, पापण्या खाली ओढून पाहिल्या, कानात बॅटरी मारली, भिंतीवरची अक्षरं वाचायला लावली. सुरेखानं सगळी वाचली, आणि वाचता वाचता टेबलावरचं घड्याळही उचललं. मग डॉक्टरांनी विचारलं, ‘ही जेवते काय?’

गयाबाईंनी सांगितलं. भाकरी आणि चटणी.

‘दूध? गूळ? काहीच नाही?’

‘न्हाई. पथ्य हाय तिचं.’

‘कोणी सांगितलं पथ्य?’

गयाबाईंनी कमरेची पिशवी सोडली. आतून प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळलेलं कात्रण काढलं. चार घड्या, घड्यांवर कागद फाटत आलेला. त्यांनी ते दोन्ही हातांनी डॉक्टरांसमोर ठेवलं. डॉक्टरांनी ते मोठ्यानं वाचलं, सगळं, मथळ्यापासून. माझं लिखाण कोणीतरी मोठ्यानं वाचताना मी पहिल्यांदाच ऐकत होते. ‘मेंदूला चढतात’ या शब्दांपाशी त्या थांबल्या.

‘ह्या डॉ. सुमेधा कोण? या शहरातले सगळे डॉक्टर मला माहीत आहेत.’

‘या बाईच्या हापिसात बसत्यात,’ गयाबाईंनी माझ्याकडं बोट केलं.

डॉक्टरांनी माझ्याकडं पाहिलं. माझ्या बोटांवर शाई होती. मी म्हणाले, ‘त्या बाहेरगावी असतात.’

‘असं का,’ डॉक्टर म्हणाल्या. ‘मग त्यांना निरोप द्या, इथून पुढं बाहेरगावीच राहा म्हणावं.’

नंतर त्या गयाबाईंशी बोलल्या, आणि आवाज एकदम उतरला. ‘बाई, तुमचं काही चुकलेलं नाही. आधी हिला जेवू घाला. गूळ, शेंगदाणे, दूध, जे मिळेल ते. अंगात रक्त नाही हिच्या. आणि ती हलते, त्याचं सांगते. काही लेकरं अशी असतात. हिला बसता येत नाही. बसायचं नाही असा हट्ट नाही तिचा. कशानं होतं, ते आम्हांलाही पुरतं माहीत नाही. गुळानं होतं असा कोणाकडं पुरावा नाही. मी गुरुजींना चिठ्ठी देते, हिला पुढं बसवा, छोटं छोटं काम द्या, मध्येच उठू द्या. दर महिन्याला माझ्याकडं आणा.’ त्यांनी चिठ्ठी लिहिली. गयाबाईंनी ती त्याच प्लॅस्टिकच्या कागदात ठेवली, आणि कात्रणही पुन्हा घडी घालून चिठ्ठीजवळच ठेवलं. ते पाहून ‘फेकून द्या’ असं म्हणावंसं मला वाटलं.

घरी आले तेव्हा अण्णा खाटेवर बसून वही चाळत होते. मी न विचारता सगळं सांगितलं. ते रागावतील असं वाटलं होतं. ते म्हणाले, ‘अस्सल दाखव.’

मी इंग्रजी मासिक आणलं. अण्णांनी एका बाजूला ते ठेवलं, दुसऱ्या बाजूला माझा छापील लेख, आणि कोर्टात बसत तसे बसले. त्यांचं इंग्रजी कोर्टापुरतं होतं, पण नक्कल तपासायला तेवढं पुष्कळ झालं. ओळीवर बोट ठेवत जात राहिले. आई आमटी गरम करायला उठली, आमटी थंड झाली, पुन्हा गरम झाली. शेवटी त्यांनी मासिकातल्या त्या दीड पानावर हात ठेवला. ‘हे कुठंय तुझ्या नकलेत?’

‘बसलं नाही.’

‘आणि हे शेंगदाणे अस्सलमध्ये कुठंयत?’

‘ते माझ्याकडचे.’

अण्णांनी मासिक मिटलं. मग चष्मा काढून म्हणाले, ‘नलू, तीस वर्षांत माझ्या हातून दोनदा नक्कल चुकली. दोन्ही वेळा मी जजसाहेबांसमोर उभा राहून सांगितलं.’ आणि जेवायला उठले. त्या रात्री आईनं माझ्या ताटात गूळ वाढला. मी तो ताटाच्या कडेलाच ठेवला.

दुसऱ्या दिवशी मी शुद्धिपत्रक लिहून साहेबांपुढं ठेवलं. त्यांनी ते दोनदा वाचलं आणि घाम पुसला.

‘अहो नलिनीबाई, हे छापलं तर वाचक म्हणतील, बाकीचंही सगळं खोटं होतं.’

‘होतंच साहेब.’

‘म्हणूनच तर छापता येत नाही.’

पण मीही त्या दिवशी हलले नाही, आणि माझ्यासारखीनं न हलणं ही बातमीच होती. चाचाही खोलीतून उठून दाराशी येऊन उभे राहिले. म्हणाले, ‘साब, जगह मैं निकालता ना.’ अखेर साहेबांनी छापतो म्हणून कबूल केलं. रविवारी मी पेपर उघडला. बोअरवेलच्या जाहिरातीखाली, चाचांनी जागा काढली होती तिथं, साहेबांनी माझा मजकूर काढून आपला घातला होता: ‘मागील एका लेखात “गूळ-शेंगदाणे” याऐवजी “अति गूळ-शेंगदाणे” असे वाचावे. डॉ. सुमेधा.’

आठ महिन्यांनी मी सदर सोडलं. डॉ. सुमेधांना मात्र काही झालं नाही. दुसऱ्या कोणाच्या तरी हातून त्या पुढं दोन वर्षं लिहीत राहिल्या, आणि लोक म्हणत, हल्ली त्यांचा अनुभव वाढलाय.

शुद्धिपत्रक तसं आल्यावर मला एकच रस्ता उरला. मी सकाळच्या एसटीत बसले. शेंद्र्याच्या पुढं दोन्ही बाजूंना नुसती भेगाळलेली काळी जमीन, आणि मध्येच कुठंतरी नव्या कारखान्याचं कुंपण. करमाडला उतरून वॉचमनचं घर विचारलं. गयाबाई दारात ज्वारी निवडत बसल्या होत्या. मला पाहून त्यांनी सूप बाजूला ठेवलं, पाण्याचा तांब्या दिला. त्या वर्षी पाहुण्याला आख्खा तांब्या देणं म्हणजे काय, ते मला कळत होतं. मी अर्धाच प्यायले आणि वाटेत पाठ केलेलं सगळं विसरले.

‘गयाबाई, त्या डॉक्टरीणबाई...’

‘तुमीच हाव,’ त्या म्हणाल्या.

‘तुम्हांला कसं कळलं?’

‘त्या म्हाताऱ्या डॉक्टरीणबाई वाचत व्हत्या तवा तुमी तोंडातल्या तोंडात फुडचं म्हनत व्हत्या. पाठ असल्यावानी.’

मी माझ्या पायांकडं पाहत राहिले. दोन्ही चपला होत्या. मग सगळं सांगितलं. इंग्रजी लेख, सोडलेलं दीड पान, माझ्याकडचे शेंगदाणे. मी डॉक्टर नाही, बेडूक फाडलेली मुलगी आहे, हेसुद्धा. त्या ऐकत होत्या. त्यांचा हात पुन्हा सुपाकडं गेला होता आणि बोटं खडे वेचत होती. घराच्या मागून सुरेखा धावत आली, हातात गूळ लावलेली अर्धी भाकरी, ओट्यावर चढली, उतरली, पुन्हा चढली.

‘नाचतीच हाय अजून,’ गयाबाई म्हणाल्या. ‘पन खाऊन नाचतीय. गुरुजींनी पुढं बसवलंय. फळा पुसायला देत्यात मधी मधी.’ मग माझ्याकडं वळून त्यांनी विचारलं, ‘तीन महिनं ही माझ्याकडं गूळ मागून रडायची, आन मी हानायची तिला. पेपरात लिवलंय म्हून. ते जाऊ द्या. आता खरं सांगा, कशानं व्हतंय हे?’

‘मला माहीत नाही.’

‘आन त्या डॉक्टरीणबाईला?’

‘त्यांनाही पुरतं माहीत नाही. त्या तसं म्हणाल्या.’

गयाबाईंनी सूप खाली ठेवलं. ‘मंग येवढंच लिवायचं व्हतं की बाई. म्हाईत नाय म्हून. आमी काय तुमाला मारायला आलो असतो व्हय?’

सुरेखा ओट्यावरून उडी मारून माझ्यापुढं येऊन उभी राहिली. बोटं चाटत तिनं मला वरून खालपर्यंत पाहिलं.

‘तुमी डॉक्टरीण न्हाई?’

‘नाही.’

‘मंग काय करता?’

‘पेपरात लिहिते.’

‘खोटं?’

गयाबाईंनी तिच्या पाठीत एक धपाटा घातला आणि मला म्हणाल्या, ‘लेकरू हाय, मनावर घेऊ नका.’

मी घेतलं.